वादळांची गर्दी

“घरात बूट घालून बसू?” सासूबाईंनी विचारलं. “आणि त्याच पायांनी ओट्याशी जाऊ?”

मी माझे जुने स्पोर्ट्स शूज हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. दिवस नुकता कुठे सुरू झाला होता आणि मला बोलायचा कंटाळा आला होता.

“आई, काचा फुटल्या तर बाहेर पडताना पायात काहीतरी हवं. इथे तसंच सांगतात.”

“मग काचा फुटल्यावर घालते की.”

नागेश दाराशी खाली बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधत होता. तो खाली मान घालून हसला, ते मला दिसलं.

“हसू नकोस. तूच काल म्हणालास, दहा वर्षांत असा दिवस आला नाही.”

“म्हणालो. पण दुपारनंतर म्हणालो, ऋजुता. तिला चहा तरी पिऊ दे.”

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा ओक्लाहोमात, विद्यापीठाच्या एका गावात राहत होतो. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे हातभर अंगण. नागेश वादळांचा अभ्यास करायचा. साधी वादळं नव्हेत, ज्यांच्या पोटातून टोर्नाडो जमिनीवर उतरतो ती. सासूबाई त्याला वावटळ म्हणायच्या. “तुझी वावटळ आज किती वाजता?” असं त्या अशा सुरात विचारायच्या, की जणू लातूरची एसटी आहे.

त्या दिवशी हवामानाच्या नकाशात आमच्या भागावर जो रंग होता, तो मी तिथे राहायला आल्यापासून एकदाही पाहिला नव्हता. आदल्या संध्याकाळीच सगळ्या शाळा बंद केल्याचे मेसेज आले होते. दुकानात पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. आणि नागेश आणि त्याचे सहकारी गाडी घेऊन पश्चिमेला जाणार होते, वादळं जिथे उठतील तिथे, आकाशात यंत्रं बांधलेले फुगे सोडायला. चार दिवस तो नीट जेवला नव्हता. घरात लग्न असल्यासारखा वागत होता.

मला त्याच्याशी बोलायचं होतं. टोर्नाडोबद्दल नव्हे, गुरुवारबद्दल.

गुरुवारी सासूबाई परत लातूरला निघणार होत्या आणि सोळा महिन्यांच्या शमूला सोबत घेऊन जाणार होत्या. वर्षभरासाठी. आमच्या ओळखीच्या तीन-चार मराठी घरांतली मुलं अशीच आजी-आजोबांकडे गेली होती, त्यामुळे यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मला जूनपासून एका लॅबमध्ये नोकरी लागली होती आणि पाळणाघर आमच्या आवाक्यातलं नव्हतं. हे बाहेर सांगायचं कारण. घरातलं कारण वेगळं होतं. शमू झाल्यापासून मला झोप नव्हती. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. द्राक्षाचे चार तुकडे करायची. सायरनच्या नुसत्या चाचणीने तिला उचलून बाथरूमकडे पळायची. “तुला विश्रांती हवीय,” नागेश म्हणायचा. “वर्षभर आईकडे राहू दे तिला. तूही माणसात येशील.” फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दमून मी ‘बघू’ म्हटलं होतं. त्या ‘बघू’चं तिकीट झालं.

“नागेश,” मी म्हटलं, “तू जायच्या आधी गुरुवारचं मला जरा...”

“घे रे, चहा,” म्हणत सासूबाई मधे आल्या. शमूने वाटी खाली टाकली. नागेशचा फोन वाजला आणि तो उभ्या उभ्या कुणाला तरी सांगू लागला, की हो, निघालोच, हवेत ओल भरपूर आहे, दक्षिणेची हवा छान येतेय.

आमच्या घरात कुठलंच बोलणं पुरं व्हायचं नाही. दोन खोल्या, तीन मोठी माणसं, एक मूल आणि सतत चालू असलेला टीव्ही. मी वाक्य सुरू केलं की कुणीतरी त्याच्या मधून चालत जायचं.

फोन ठेवून तो म्हणाला, “काय म्हणत होतीस?”

“आज इथे काही झालं तर?”

“बाथरूममध्ये जायचं. ठरलंय ना. आणि हे बघ...” त्याने आवाज खाली आणला. “आईसमोर फार ताणू नकोस आज. तिला वाटेल ही गुरुवारपर्यंत तरी टिकते की नाही.”

“म्हणजे मी घाबरले तर शमूला पाठवायचं कारण पक्कं होणार.”

“मी असं म्हटलं का?”

“आणि टोर्नाडो आला तर म्हणशील, अशा जागी पोर ठेवायचंच कशाला.”

“ऋजुता, मी नाही का मावशीकडे वाढलो? तीन वर्षं होतो सोलापुरात. माझं काय बिघडलं?”

“वादळं टाळायची सोडून त्यांच्या मागे पळतोस.”

“ते पगारासाठी,” तो म्हणाला आणि शमूचा पापा घेऊन गेला.

सासूबाई ओट्याशी होत्या. गाळणं हातात तसंच धरून त्या दाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते नळाखाली धरलं, नेहमीपेक्षा बराच वेळ.

सकाळभर पाऊस होता. मोठा नाही, कंटाळवाणा. आकाश खालपर्यंत राखाडी आणि हवा अशी गार की मी शमूला स्वेटर घातला. मी दर थोड्या वेळाने मागच्या अंगणात जायची, आकाश बघायची, आत येऊन टीव्ही बघायची. टीव्हीवरचा माणूस बाह्या वर करून सांगत होता, की हे फसवं आहे, कुणी गाफील राहू नका. मी नागेशला मेसेज केला, ‘इथे गारठा आहे.’ त्याचं उत्तर आलं, ‘सकाळचा पाऊस जरा लांबला. ऊन पडलं की बघ.’ ऊन पडेना. मला त्या पावसाचा राग आला. एकदा काय ते व्हायचं असेल तर होऊन जाऊ दे, असं मनात आलं, आणि तसं मनात आल्याचा आणखी राग आला.

दुपारी मी बाथरूम लावायला घेतलं. घरात खिडकी नसलेली तेवढीच एक खोली होती. टबमध्ये गादी टाकली. दुधाच्या बाटल्या, डायपर, टॉर्च, पासपोर्टची पिशवी, शिट्टी. शमूसाठी मी लहान मुलांचं सायकलचं हेल्मेट आणून ठेवलं होतं, वर सशाचे कान असलेलं. मोठ्यांसाठी घरात एकच होतं, नागेशचं.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“इथे बसायचं?”

“हो.”

“इथे संडास आहे.”

“आई, मला माहिती आहे इथे संडास आहे.”

“पोरीला वरणभात इथे भरवायचा? संडासाच्या शेजारी बसून?”

“भूक लागली तर भरवायचा.”

“आणि देव?”

देव म्हणजे त्यांनी येताना आणलेले दोन टाक, तुळजाभवानीचा आणि खंडोबाचा. ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, मसाल्याच्या डब्याच्या वरच्या फळीवर होते.

“देव पिशवीत घेऊ या,” मी म्हटलं.

“संडासात?”

“मग काय करू? त्यांना तिथेच ठेवते.”

“ठेव. भवानी आहे ती, वावटळीला काय भिते.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मीपण तिथेच बसते. ओट्याखाली. तू पोरीला घेऊन बस तुझ्या टबात.”

“ओट्यासमोर खिडकी आहे.”

“असू दे.”

मी वादळाचं सोडून संडासावर भांडत होते. एकीकडे नवरा, ज्याला आकाशातलं सगळं कळतं आणि समोरचं माणूस कळत नाही. दुसरीकडे ही बाई, जिला टोर्नाडोपेक्षा विटाळ मोठा. आणि मी एकटी, सशाच्या कानांचं हेल्मेट हातात घेऊन. मी टॉर्चचे सेल काढून परत घातले. रडले असते तर ‘बघा, किती ताण आहे हिच्यावर’ असं झालं असतं.

तिसऱ्या प्रहरी एकदम बदललं. वारा दक्षिणेचा झाला, दमट, अंगाला चिकटणारा. ऊन असं पडलं नाहीच, फक्त ढगांच्या मागे उजेड आला. आणि मग फोनवरच्या नकाशात एक लाल ठिपका उठला. मग दुसरा. मग माझ्या डोळ्यांदेखत इतके उठले, की कुठला कुठे चाललाय ते कळेना. मी नेहमी बघायची ते एखादं वादळ असायचं, एकटं, शेपूट वळवलेलं. त्याच्याकडे बोट दाखवून सांगता यायचं, हे आपल्याकडे येतंय. त्या दिवशी सगळा नकाशाच पेटला होता. टीव्हीवरचा माणूस एका गावाचं नाव घेईपर्यंत दुसऱ्याचं घ्यायची वेळ येत होती.

‘कुठे आहेस?’ मी नागेशला विचारलं.

उत्तर नाही.

मागच्या बाजूला आकाश हिरवट झालं, जुन्या तांब्यावर चढतो तसा रंग. सायरन सुरू झाला.

मी शमूला उचललं. “आई, चला.”

मला वाटलं, आता ओट्याखाली जातील. पण त्यांनी बेडवरची नवी चादर एका हिसक्यात ओढली, त्यांनीच सोलापूरहून आणलेली, आणि माझ्या आधी बाथरूममध्ये शिरल्या. ती चादर त्यांनी कमोडवर टाकली, चारही बाजूंनी खाली ओढली, चापून नीट केली. एखाद्या ट्रंकेवर घालावी तशी.

“आता ही खोली झाली,” त्या म्हणाल्या. “दे माझे बूट.”

आम्ही टबात बसलो. शमू माझ्या मांडीवर, सशाचे कान हलवत. सासूबाईंच्या डोक्यावर पदर आणि पदरावर नागेशचं हेल्मेट, त्यामुळे त्या कुठेतरी स्कूटीवर निघाल्यासारख्या दिसत होत्या. बाहेर गारा सुरू झाल्या. एसीच्या पत्र्यावर कुणी दगड ओतावेत तसा आवाज. शमू भोकाड पसरून रडायला लागली.

“भूक लागलीय तिला,” सासूबाई म्हणाल्या आणि पदराआडून वाटी काढली. वरणभात. कधी कालवला होता कुणास ठाऊक. त्या घास भरवू लागल्या. सायरन वाजतोय, गारा पडताहेत आणि शमू हुंदके देत देत जेवतेय.

“तुम्ही घाबरला नाहीत?” मी विचारलं.

“घाबरून झालंय माझं.” घास चेपत त्या म्हणाल्या. “किल्लारीला भूकंप झाला ना, तेव्हा आम्ही औशाजवळ होतो. आमचं घर पडलं नाही, नुसतं तडकलं. पण नंतर महिनोन् महिने जमीन हलायची. आज मोठा येणार, उद्या मोठा येणार, सगळे म्हणायचे. पौर्णिमेला येणार, अमावास्येला येणार. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो. नागू चार वर्षांचा होता. मी शिकवायची, मला शाळा सोडता येत नव्हती, तंबूत वर्ग भरायचे. हे म्हणाले, पोराला सोलापूरला तुझ्या बहिणीकडे ठेव. दुसरा भूकंप होऊन गेला की आणू.”

“मग?”

“मग काय, दुसरा आलाच नाही.” त्यांनी शमूचं तोंड पुसलं. “आला असता तर आणलं असतं त्याला. आलाच नाही, त्यामुळे कधी आणायचं ते कळेना. आज आणू, उद्या आणू, करता करता तीन वर्षं गेली.”

बाहेर काहीतरी मोठं आपटलं. मी शमूचं डोकं माझ्या हाताखाली घेतलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. काही झालं नाही.

“आणला तेव्हा दारात उभा राहिला,” त्या पुढे म्हणाल्या. “आत येईना. मी पुढे गेले. तर मला म्हणाला, ‘काकू, पाणी मिळेल का?’”

मी त्यांच्याकडे बघितलं. हेल्मेटचा पट्टा त्यांच्या हनुवटीखाली घट्ट बसला होता.

“हे नागूला सांगू नकोस. त्याला वाटतं तो मजेत होता. होताच तो मजेत. मी नव्हते.”

“मग तुम्ही शमूला कशाला नेताय?” माझा आवाज चढला होता. सायरनमुळे असेल.

“मी नेतेय? तू पाठवतेयस ना?”

“मी कधी म्हटलं?”

“नागू म्हणाला. तुला नोकरी धरायचीय, तुला झेपत नाही. मी नाही म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, सासू असून वर्षभर पोर सांभाळली नाही.” त्यांनी वाटी बाजूला ठेवली. “मला काय हौस आहे का, या गुडघ्यांनी पोरामागे पळायची? माझी तिकडे भिशी आहे, भजन आहे. पण म्हटलं, पोरीची अडचण आहे.”

“मला कुणी विचारलंच नाही.”

“मग नको तरी कुठे म्हणालीस?”

म्हणणार होते. दर वेळी म्हणणार होते. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात सायरन थांबला. गारा पातळ झाल्या, मग नुसता पाऊस. फोनवर आलं, आमच्या गावाचा इशारा मागे घेतला आहे. नकाशात सगळे लाल ठिपके एकमेकांत मिसळून एक मोठा, लांबलचक, पिवळा पट्टा झाला होता. आमच्यावरून तो मुकाट चालला होता.

सासूबाईंनी हेल्मेट काढलं, बूट काढले, टबातच जोडीने ठेवले आणि कपाट उघडून टाक जागेवर आहेत का ते बघून आल्या.

“झाली तुमची वावटळ?” त्यांनी विचारलं.

मी टबाच्या कडेवर बसून होते. सुटले असं वाटायला हवं होतं. मला हातातलं काहीतरी भिंतीवर फेकावंसं वाटत होतं. चार दिवस सगळं राज्य श्वास रोखून बसलं होतं, मी पाणी भरलं, गादी टाकली, म्हाताऱ्या बाईला बूट घालायला लावले, आणि झालं काय तर अंगणात लिंबाएवढ्या गारा वितळत पडल्या होत्या. आता नागेश येईल आणि म्हणेल, बघ, उगाच.

तो अजून उजेड होता तेव्हाच आला. गुडघ्यापर्यंत चिखल. बूट बाहेर काढले, आत आला, शमूच्या डोक्यावर हात ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून फोनमध्ये बघू लागला. टीव्ही चालूच होता. तोच माणूस, बाह्या आता खाली केलेल्या, समजावून सांगत होता, की आज आपण थोडक्यात सुटलो.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही झालं. तेच झालं.” त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. “दोन-चार बारीकसे उतरले लांब पश्चिमेला, रानात. बाकी काही नाही. लोक हसताहेत आता. शाळा कशाला बंद केल्या, आमचा दिवस बुडवला. एकाने लिहिलंय, पुढच्या वेळी मी झोपून राहणार.”

“पण का नाही आली रे?” सासूबाईंनी विचारलं. त्यांनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. “एवढं सगळं सांगत होतास.”

मला वाटलं, तो टाळेल. पण तो त्यांना सांगायला लागला, हातांनी, जसं तो कधी मला सांगायचा आमच्या लग्नाच्या सुरुवातीला.

“आई, सगळं होतं. दमट हवा होती. वरचा वारा हवा तसा वळत होता. पण सकाळचा पाऊस हटला नाही, खाली गारठा राहिला. ऊन मिळालं नाही नीट. आणि वर गरम हवेचं एक झाकण असतं, ते टिकायला हवं होतं संध्याकाळपर्यंत. मग ते एखाद्या ठिकाणीच फुटतं आणि तिथून एकच वादळ उठतं, जोरात. आज ते लवकर सैल झालं, सगळीकडे एकदम. शेकड्याने वादळं उठली.”

“मग जास्त यायला हव्यात की वावटळी.”

“उलटं. वादळाला फिरायला लागायचं तर भोवती मोकळी जागा लागते. खालून गरम हवा ओढायला. आज एवढी जवळजवळ उठली, की एकाच्या पावसाचा गारठा दुसऱ्याच्या पायाशी. जो तो शेजारच्याची हवा ओढतोय. धड कुणालाच मिळाली नाही. नुसता धिंगाणा, गारा आणि चिखल. एकानेही नीट फेर धरला नाही.”

“म्हणजे गर्दीमुळे,” सासूबाई म्हणाल्या.

“गर्दीमुळे.” त्याने भाताला हात लावला नव्हता. “पण आम्ही चुकीचं सांगितलं असं नाही ना. धोका होता म्हणजे होता. घडलं नाही म्हणून तो नव्हताच, असं कसं म्हणतात लोक? हवा खरंच तशी होती. सावध केलं नसतं आणि एकच उतरला असता गावात, तर?”

मी पाणी ठेवत होते. भांडं खाली ठेवून मी त्याच्याकडे वळले.

“परत म्हण,” मी म्हटलं.

“काय?”

“घडलं नाही म्हणून धोका नव्हता, असं होत नाही. परत म्हण.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “ऋजुता, आज नको. दिवस फार वाईट गेलाय.”

“द्राक्ष घशात अडकलं नाही, म्हणून मी वेडी. श्वास चालूच होता, म्हणून मी वेडी. मी वर्षभर दुसरं काय सांगतेय तुला?”

“ते वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?” हे सासूबाई म्हणाल्या. आम्ही दोघांनीही मान वळवली. “तुझं चुकलं की हवेत काहीतरी झालं. तिचं चुकलं की डोक्यात काहीतरी झालं. वेगळं काय आहे?”

“आई, तू मधे नको...”

“तेच म्हणते मी. मी मधे नको.”

त्यांनी टीव्ही बंद केला. टेबलावरचा त्याचा फोन उचलला, मग हात पुढे करून माझाही मागितला, आणि दोन्ही कमरेला खोचले. शमूला कडेवर घेतलं. ती ताटातल्या भाकरीकडे झेपावत होती, तर भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला.

“कुठे निघालीस?” नागेश म्हणाला.

“गारा दाखवते हिला. राहिल्या असतील गवतात. तुम्ही बोला. आम्ही दोघी इथे असलो की तुमचं निम्मंच होतं.”

दार त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.

घरात एवढी शांतता मी सासूबाई आल्यापासूनच्या तीन महिन्यांत ऐकली नव्हती. फ्रिजचा आवाज येत होता. कुठून सुरुवात करायची ते मला कळेना, कारण दर वेळी कुणीतरी येईल म्हणून मी घाईने बोलायची, आणि आता कुणी येणार नव्हतं. नागेशही दाराकडे बघत होता. तोही वाट बघत असावा.

“शमू जाणार नाही,” मी म्हटलं.

“तिकीट काढलंय.”

“असू दे.”

“तूच म्हणालीस फेब्रुवारीत...”

“मी ‘बघू’ म्हणाले. तू ते ‘हो’ ऐकलंस, कारण तुला ते सोयीचं होतं.”

मग आम्ही भांडलो. असं भांडण आमचं कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. त्याने सगळं बाहेर काढलं. तो वर्षभर घरी यायला घाबरतो, दार उघडताना मी कुठल्या चेहऱ्याने समोर येईन हे माहीत नसतं म्हणून. त्याला वाटत होतं, मुलगी वर्षभर नजरेआड गेली तर त्याला बायको परत मिळेल. हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. मग मीही काढलं. मी सांगितलं, की मी घाबरते आणि घाबरणार. पुढच्या वर्षीही टबात गादी टाकणार, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याची किंमत म्हणून मुलगी द्यावी लागत नाही. नोकरी अर्धवेळ मागीन, नाही मिळाली तर थांबेन, डॉक्टरकडे जा म्हणत असशील तर उद्या जाईन. पण ती माझ्या नजरेआड गेली तर मी शांत होणार नाही, मी संपेन.

“असं काही होत नाही,” तो ओरडला. “मुलं राहतात. मी राहिलो ना मावशीकडे. माझं काय...”

माझ्या जिभेवर होतं. ते एक वाक्य बोलले असते तर भांडण तिथेच संपलं असतं.

“ते तू मला नको विचारूस,” मी म्हटलं. “आईंना विचार. शमूला पाठवायच्या आधी एकदा विचार, तू परत आलास त्या दिवशी काय झालं.”

“काय झालं?”

“मला नको विचारूस.”

तो खिडकीपाशी गेला. बाहेर ओल्या गवतात सासूबाई शमूला कडेवर घेऊन चालत होत्या. शमूने हातातली गार त्यांच्या तोंडाला लावली, त्यांनी दचकल्यासारखं केलं, ती हसली, परत लावली. नागेशने ते पाहिलं. मग दार उघडून बाहेर गेला.

मी आतून बघितलं. ऐकू काही आलं नाही. तो बोलला, त्या बोलल्या नाहीत. तो परत बोलला. त्यांनी शमूला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि थोडंसंच काहीतरी सांगितलं, चार-पाच शब्द असतील. मग त्याने शमूला त्यांच्याकडून घेतलं, आणि तिला धरून तसाच उभा राहिला, गार हातात वितळून तिचं पाणी त्याच्या शर्टावर ओघळेपर्यंत.

आत आले तेव्हा आधी त्या आल्या.

“झालं तुमचं?” त्यांनी मला विचारलं.

मी नागेशकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते. तो माझ्याशी बोलला नाही, आईशीच बोलला.

“आई, गुरुवारी एकटी जाशील ना नीट? दोह्याला विमान बदलावं लागतं.”

“आले तेव्हा कोण होतं सोबत?” त्या म्हणाल्या. दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि चिखलाचे पाय धुवायला आत गेल्या.